तळं कोण राखतं, ते आधी विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक ५९ वर्षांचे आहेत. गेली २८ वर्षं ते अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका थंड राज्यात राहतात. ११ वर्षांपूर्वी त्यांनी एक वापरलेली पाँटून बोट (पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) घेतली आणि तेव्हापासून बोटीचं वेड लागलं. पण मे महिन्याच्या शेवटी पाण्यात उतरलेली बोट ऑक्टोबर लागायच्या आत बाहेर काढावी लागते. मग इंजिनातलं पाणी काढून टाका, बोट प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि सात-आठ महिने तिच्याकडे बघत बसा. दीड वर्षात निवृत्त व्हायचं, राहतं घर विकायचं आणि दक्षिणेकडे तळ्याकाठच्या एखाद्या वसाहतीत, स्वतःच्या डॉकसह, म्हणजे बोट बांधायच्या धक्क्यासह, घर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. यादीत पाच ठिकाणं आहेत: जॉर्जियातलं लेक लेनियर, नॉर्थ कॅरोलायनातलं लेक नॉर्मन, टेक्ससमधलं लेक ट्रॅव्हिस, अॅरिझोनातलं लेक हवासू आणि फ्लोरिडातल्या विंटर हेवनची जोडतळी. ते लिहितात, "आम्हाला बारा महिने बोटिंग करता यायला हवं. पत्नीला पाण्याची फारशी सवय नाही, पण जागा सुंदर असली की तिलाही आवडेल. घर एकदा ठरलं की बाकीचं जमत जातं. यातलं कोणतं तळं निवडावं?"

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची बोट डोळ्यांसमोर आली. सात-आठ महिने प्लास्टिकखाली दडलेली बोट काय वाटायला लावते, ते तुम्ही इतकं मनापासून लिहिलं आहे की पाचांपैकी एक नाव सांगून तुम्हाला मोकळं करावं असंच वाटलं. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की यादीतलं प्रत्येक तळं तुम्ही काठोकाठ भरलेलं पाहिलं आहे. सुट्टीत पाहिलं असेल, घरांच्या जाहिरातीत पाहिलं असेल. पाणी डॉकला टेकलेलं, ऊन पडलेलं, वारा बेताचा. घर विकून जायचं तर त्या तळ्याचे बाकीचे महिनेही बघायला हवेत, आणि बाकीची वर्षंही.

आपल्याकडे म्हण आहे, तळं राखील तो पाणी चाखील. तुम्ही नेमके त्या म्हणीच्या दारात उभे आहात. यादीतली विंटर हेवनची तळी सोडली, तर उरलेली चारही माणसाने नदी अडवून केलेली आहेत. ती धरणं आहेत. आणि ती तुमच्या-माझ्या बोटीसाठी बांधलेली नाहीत. कुणी शहराला पाणी पाजायला बांधलं, कुणी पूर थोपवायला, कुणी वीज करायला. बोट हा त्या पाण्याचा सगळ्यात शेवटचा हक्कदार. म्हणून कोणतं तळं सुंदर, हा माझा पहिला प्रश्न नाही. धरणाचे दरवाजे कुणाच्या हातात आहेत आणि पाणी कमी पडलं की तो आधी कुणाचा विचार करतो, हे मी आधी विचारीन.

लेनियरचंच घ्या. बफर्ड धरण अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं, म्हणजे आर्मी कोअरचं. त्या पाण्यावर अटलांटा महानगराची तहान भागते, आणि त्याच नदीच्या पाण्यावरून जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडा ही तीन राज्यं वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. भर पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट. २००७ च्या दुष्काळात, डिसेंबर अखेरीस, ती १,०५१ फुटांच्या आसपास आली. २० फूट पाणी उतरणं कागदावर मोठं वाटत नाही. पण अनेक डॉक काठाच्या ज्या आत शिरलेल्या भागांत असतात, तिथे मुळात भर पातळीला दहा-पंधरा फूट पाणी असतं. ते उतरलं की खाली उरतो तांबडा चिखल.

मी हे दृश्य जवळून पाहिलं आहे. ते तळं दुसरं, पण परिस्थिती हीच. जानेवारीत एका नातेवाइकांकडे गेले होते. त्यांचा तरंगता डॉक उतारावर तिरका टेकला होता, एक पिंप चिखलात अर्धं रुतलेलं आणि दुसरं हवेत. डॉकला बांधलेली बोटीची दोरी सैल लोंबत होती, तिच्या टोकाला बोट नव्हती. पाणी ओसरायला लागल्यावर त्यांनी वेळेत बोट काढली म्हणून ती वाचली. शेजाऱ्यांना दोन दिवस उशीर झाला. त्यांची बोट तिथेच बसली, पुढचं पाणी येईपर्यंत. समोर, जिथे उन्हाळ्यात मुलं पोहत होती, तिथे झाडांचे जुने बुंधे उघडे पडले होते. धरण भरण्याआधी कापलेली झाडं ती. त्या बुंध्यांवरूनच आपण उन्हाळाभर बोट नेत होतो, हे नातेवाइकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ट्रॅव्हिस तर याबाबतीत फारच टोकाचं. त्याची भर पातळी ६८१ फूट. ऑगस्ट १९५१ मध्ये ती ६१४ पर्यंत खाली गेली होती आणि डिसेंबर १९९१ च्या पुरात ७१० पर्यंत वर चढली. म्हणजे एकाच तळ्याच्या काठावर शहाण्णव फुटांचा फरक. त्या धरणाचं कामच ते आहे, पूर आला की पोटात घ्यायचा आणि दुष्काळात रिकामं व्हायचं. २०११ नंतरच्या दुष्काळात तिथले कितीतरी डॉक वर्षानुवर्षं कोरड्या जमिनीवर पडून होते. ट्रॅव्हिस वाईट आहे असं मी म्हणत नाही. भरलेलं असतं तेव्हा त्याच्यासारखं निळं, खोल पाणी टेक्ससमध्ये विरळा. पण तिथे घर घेणाऱ्याने बोट मरीनामध्ये (बोटी भाड्याने बांधायच्या जागी) ठेवावी, जिथे पाण्याबरोबर धक्काही सरकवतात, आणि घराच्या डॉकवर भिस्त ठेवू नये.

आता ट्रॅव्हिसच्याच नदीवर, ट्रॅव्हिस सांभाळणाऱ्या लोअर कोलोरॅडो रिव्हर अथॉरिटीच्याच ताब्यातलं, थोडं वरच्या अंगाला असलेलं लेक एल.बी.जे. पाहा. तिथे पाणी साठवून ठेवत नाहीत, आलेलं पुढे सोडतात. त्यामुळे पातळी वर्षभर ८२५ फुटांच्या आसपास, जवळजवळ हलत नाही. नदी एक, मालक एक आणि दोन तळ्यांचे स्वभाव पूर्ण वेगळे. तुमच्या यादीत ट्रॅव्हिस आहे, एल.बी.जे. नाही. मला वाटतं, कारण ट्रॅव्हिसचं नाव मोठं आहे. अर्थात स्थिर तळंही नदीवरच असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये लॅनो नदीला पूर आला तेव्हा एल.बी.जे.च्या तोंडाशी किंग्जलंडचा पूल वाहून गेला आणि काठावरच्या अनेक डॉकची मोडतोड झाली. पण असा पूर कधीतरी येतो. पातळीचं वर-खाली होणं रोजच्या जगण्याचा भाग असतं.

टेनेसी व्हॅली अथॉरिटी या धरणं चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या तळ्यांतही हाच फरक दिसतो. टेनेसीतलं डग्लस हे पूर अडवण्यासाठी हिवाळ्यापूर्वी मुद्दाम रिकामं करतात, उन्हाळ्याच्या पातळीपेक्षा चाळीस-एक फूट खाली. हा अपघात नव्हे, दरवर्षीचं वेळापत्रक आहे. त्याच संस्थेचं अलाबामातलं गंटर्सव्हिल मात्र मालवाहू जहाजांच्या मार्गावर असल्याने वर्षभरात दोन-एक फुटांपेक्षा फारसं हलत नाही. जुलैत दोन्हीकडे गेलात तर दोन्ही सारखीच भरलेली दिसतील. जानेवारीत गेलात तर कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

नॉर्मन या कसोटीवर बरं उतरतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वीज कंपनीने काउअन्स फोर्ड धरण बांधून ते तयार केलं, आज ते ड्यूक एनर्जीच्या ताब्यात आहे. काठावर मग्वायर अणुवीज केंद्र आहे, आणि ते थंड ठेवायला तळ्याचंच पाणी लागतं. पातळी फार खाली गेली तर केंद्राचीच अडचण, म्हणून मालकाला ती सांभाळावी लागते. तुमच्या बोटीचं आणि त्या केंद्राचं हित इथे एकत्र आलं आहे. बोटवाल्याला याहून भक्कम हमी मिळत नाही. दुसरी बाजू अशी की शार्लट शहर अर्ध्या तासावर आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी दुपारी त्या पाण्यावर इतक्या बोटी असतात की लाटांनी पाँटून नुसती हेलकावत राहते. निवृत्त माणसाला शनिवारची गरज नाही, मंगळवारची सकाळ तुमचीच. पण मुलं-नातवंडं येतील ती शनिवारीच.

धरणांबद्दल आणखी एकच गोष्ट, कारण ती मला टाळता येत नाही. टेक्ससमध्ये ग्वादालूप नदीवर लेक डनलॅप नावाचं छोटं, टुमदार तळं आहे. धरण १९२०च्या दशकातलं. १४ मे २०१९ ला सकाळी त्याचा एक दरवाजा तुटला आणि बघता बघता तळं वाहून गेलं, उरली फक्त मधून वाहणारी नदी. काठावरची घरं तिथेच, डॉक तिथेच, पाणी नाही. दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आला तेव्हा काठावरच्या लोकांनी एकत्र येऊन, मतदान करून, स्वतःवरच कर बसवून घेतला. तळं पुन्हा भरायला चार वर्षं लागली. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. तळं राखणं म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. पण घर घेताना त्यांच्यातल्या किती जणांनी धरणाचं वय विचारलं असेल? तुम्ही विचारा. धरण कधी बांधलं, मालक कोण, शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी आहे आणि तिचा खर्च कुणाच्या डोक्यावर. ही माहिती सार्वजनिक असते. घर दाखवणाऱ्या एजंटला ती ठाऊक असेलच असं नाही.

आता स्वतःच्या डॉकविषयी. "स्वतःचा" हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा वापरला आहे, म्हणून सांगते. आर्मी कोअरच्या तळ्यांवर, म्हणजे लेनियरवरही, काठाची पट्टी सरकारची असते. तुमची जमीन त्या पट्टीच्या मागे संपते. डॉकला परवाना लागतो, तो माणसाच्या नावावर असतो, आणि घर विकलं की आपोआप नव्या मालकाकडे जात नाही, त्याला अर्ज करावा लागतो. काही ठिकाणी नव्या डॉकला परवानगीच मिळत नाही. त्या पट्टीतलं झाड दिसण्याच्या आड येतं म्हणून कापलं तर दंड होतो. वीज कंपन्यांच्या तळ्यांवरही परवाना आहेच, नियम निराळे. तेव्हा डॉक असलेलं घर आवडलं तर घराआधी डॉकचा परवाना मागा. त्यावर मंजूर झालेला आकार आणि प्रत्यक्षातला आकार जुळतो का, हे फूटपट्टी घेऊन बघा. आधीच्या मालकाने विनापरवाना वाढवलेला भाग तुम्हाला स्वतःच्या खर्चाने काढावा लागतो.

जाहिरातीतले तीन शब्दही वेगवेगळे वाचायला शिका. लेकफ्रंट म्हणजे काठाला लागून. लेक व्ह्यू म्हणजे नुसतं दिसणार. आणि लेक अॅक्सेस म्हणजे वसाहतीच्या सामायिक धक्क्यापर्यंत जाण्याचा हक्क, तिथे बोट बांधायला जागा रिकामी असेल तर. अनेक वसाहतींत त्या जागेसाठी प्रतीक्षा यादी असते. वसाहतीच्या नियमावलीत बोटीची लांबी, ट्रेलर दारात ठेवायची मनाई, बोट लिफ्टवरच्या छपराचा रंग, असं सगळं असतं. विक्रीच्या कागदांवर सही करण्याआधी ती पूर्ण वाचा, आणि मागच्या वर्षभराच्या सभांची इतिवृत्तंही मागून घ्या. कोण कशावरून भांडतंय हे तिथे कळतं.

विंटर हेवनची तळी निसर्गाने केलेली आहेत, एकमेकींना कालव्यांनी जोडलेली. धरणाचा मालक नाही, हा मोठा दिलासा. बोट सोडली की एका तळ्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. पाँटूनसाठी याहून छान भटकंती मला माहीत नाही. पण फ्लोरिडातली तळी बहुतेक उथळ. एवढं अवाढव्य ओकीचोबी, ७३० चौरस मैलांचं, त्याचीही सरासरी खोली ९ फुटांच्या आसपास. उथळ आणि वर्षभर ऊबदार पाण्यात पाणवनस्पती माजतात. हायड्रिला ही तर १९५०च्या दशकात काचेच्या टाकीतल्या माशांसाठी आणलेली वनस्पती, ती तळ्यांत सुटली आणि पसरली. ती प्रोपेलरला गुंडाळली जाते आणि इंजिनाच्या पाण्याच्या तोंडाशी अडकते. खतांचं पाणी उतरतं तिथे उन्हाळ्यात हिरव्या-निळ्या शेवाळाचा तवंग येतो, आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. २०१६ आणि २०१८ मध्ये ओकीचोबीवर तो इतका पसरला की राज्यात आणीबाणी जाहीर झाली. प्रत्येक तळ्याचं असं होत नाही. ज्या तळ्यावर घर बघाल, त्याच्या पाण्याचे तपासणी अहवाल मागच्या तीन-चार उन्हाळ्यांचे काढून बघा. मगरींसारखा अॅलिगेटर तिथे प्रत्येक तळ्यात आहे असंच समजून वागायचं. काठाशी कुत्रं सोडायचं नाही, अंधारात पाण्यात उतरायचं नाही.

बारा महिने बोटिंग या कल्पनेबद्दल मला थोडं थांबून विचारावंसं वाटतं. थंडीतून सुटका हवी, हे समजलं. पण उष्ण प्रदेशातही वर्षातले काही महिने बोट बांधूनच राहते, फक्त ते महिने वेगळे असतात. लेक हवासू सिटीत जून १९९४ मध्ये १२८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५३ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. तो अॅरिझोना राज्याचा उच्चांक. तिथे जुलै-ऑगस्टच्या दुपारी बोटीची अॅल्युमिनियमची कड हाताला चटका देते आणि बसायच्या गाद्या टॉवेल टाकल्याशिवाय वापरता येत नाहीत. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी जवळजवळ रोज ढग जमतात आणि विजा कडाडतात. उघड्या पाण्यावर, चार खांबांवर छत धरलेल्या बोटीत तेव्हा कुणीही असू नये. म्हणून तिथले अनुभवी लोक पहाटे निघतात आणि अकराच्या आत परततात. जॉर्जिया-कॅरोलायनात जानेवारीचं ऊन कोवळं असतं, पण पाणी इतकं गार असतं की पडलात तर काही मिनिटांत हातपाय आखडतात. आणि गोठणारी एखादी रात्र तिथेही येते. इंजिनात पाणी राहिलं तर त्या एका रात्रीत ब्लॉक तडकतो. म्हणजे इंजिनातलं पाणी काढण्याचं काम तिथेही सुटत नाही. सगळ्यात जास्त बोट चालते ती मार्च ते जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. तुमच्या आताच्या चार महिन्यांच्या जागी सात-आठ. हे पुष्कळ आहे. पण आठ महिन्यांसाठी घर विकतोय की बारा, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, ते: "जागा सुंदर असली की तिलाही आवडेल." तुमच्या पत्नी पत्रात एवढ्याच आहेत. एका वाक्यात, आणि तेही तुमच्या तोंडून. त्यांना पोहता येतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या नोकरी करतात का, मैत्रिणी कुठे आहेत, आठवड्यातले दिवस कसे जातात, तेही नाही. "आम्हाला बारा महिने बोटिंग हवं," यातला "आम्हाला" खरा आहे का, हे कृपा करून त्यांनाच विचारा. आणि विचाराल तेव्हा घरांचे फोटो समोर न ठेवता विचारा. फोटो समोर असले की माणूस फोटोबद्दल बोलतो.

माझ्याकडे अशी पत्रं बरीच येतात आणि त्यांचा दुसरा भाग तीन-चार वर्षांनी येतो, बहुतेक वेळा बायकोकडून. तळ्याकाठची घरं गावापासून लांब असतात. नवरा सकाळी बोट घेऊन जातो, तिला कुठे जायचं तर पंचवीस मिनिटं गाडी. शेजारची निम्मी घरं सुट्टीपुरती उघडतात, सोमवार ते गुरुवार रस्त्यावर दिवा नसतो. इतक्या वर्षांत ओळखीचे झालेले लोक मागे राहिलेले. नव्या ओळखी बोटवाल्यांच्या बोटवाल्यांशी होतात. पाण्याची भीती असलेल्या बाईला मग त्या सुंदर काठावर नुसतं बसून राहावं लागतं. तुमच्याकडे असं होईलच असं नाही. त्यांना पाणी आवडायला लागेल, असंही होईल. पण ते त्यांच्या मनाने व्हावं. एक चांगला मार्ग सांगते. दोघांनी मिळून बोट चालवण्याच्या सुरक्षिततेचा कोर्स करा. फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना दहा किंवा त्याहून जास्त अश्वशक्तीच्या बोटीसाठी तो सक्तीचा आहे, तुम्हाला नाही. तरी करा. बोट धक्क्याला लावता येणं, दोरी बांधता येणं, इंजिन बंद करता येणं, हे ज्याला येतं त्याची भीती निम्मी होते. शिवाय पाण्यावर तुम्हालाच काही झालं, तर बोट किनाऱ्याला आणणार कोण?

याच ओघात वयाची गोष्ट. धरणाच्या तळ्यांचे काठ बहुधा उताराचे, कारण मुळात ती दरी असते. घर वर, डॉक खाली. घर बघायला जाल तेव्हा पायऱ्या मोजा. वर येताना, हातात बर्फाची पेटी आणि भिजलेले टॉवेल घेऊन मोजा. ५९ व्या वर्षी साठ पायऱ्या म्हणजे व्यायाम. ७४ व्या वर्षी त्याच पायऱ्यांमुळे डॉकवर जाणं बंद होतं, आणि ज्यासाठी सगळं केलं ती बोट खिडकीतून बघायची राहते. सपाट काठाची जागा थोडी कमी देखणी असली तरी मी तीच घेईन. हृदयविकाराचा झटका आला तर रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल, हे अंतर बघून ठरवू नका. वळणावळणाच्या एकपदरी रस्त्याने, सुट्टीच्या दिवशी, स्वतः गाडी चालवून बघा.

डॉकविषयी एक सूचना सगळ्यांसाठी, कारण ती पुरेशा लोकांना माहीत नाही. वीज जोडलेल्या डॉकच्या आसपास गोड्या पाण्यात कधीही पोहू नका. वायर कुठेतरी खराब असेल, तर पाण्यात वीज उतरते. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर विजेचं चांगलं वाहक, म्हणून ती माणसातून वाट काढते. हातपाय चालेनासे होतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. बघणाऱ्याला कारण कळत नाही, तो वाचवायला उडी मारतो, आणि दोघे जातात. घर घेताना डॉकची वायरिंग पाण्याकाठचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, गळती झाली की प्रवाह तोडणारी यंत्रणा आहे का ते बघा, आणि मग दरवर्षी तपासा. लाइफ जॅकेट तर अंगातच हवं, बाकाखाली नव्हे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीत बोटीच्या अपघातांत बुडून मरण पावलेल्या शंभरांपैकी ८७ जणांच्या अंगात ते नव्हतं.

विम्याचं एका वाक्यात: घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी पूरविमा साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून वादळ नकाशावर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.

तर माझं मत. यादीतून हवासू मी काढीन. वाळवंटातलं ते पाणी देखणं आहे आणि पातळीही बरीच स्थिर, पण तुमच्या पत्नी घराबाहेर किती महिने पडू शकतील याचा विचार करता नको. ट्रॅव्हिसच्या जागी एल.बी.जे. लिहीन. लेनियर ठेवीन, पण तिथे खोल पाण्यातला, नावावर करून मिळेल असा डॉक सापडला तरच. नॉर्मन आणि विंटर हेवन ही दोन्ही खरी दावेदार, आणि त्यांच्यातला निवाडा मी इथे बसून करू शकत नाही. एकीकडे चार ऋतू, मोठं शहर, गर्दी. दुसरीकडे ऊब, सपाट काठ, शांत कालवे, आणि उन्हाळ्यातली दमट दुपार व चक्रीवादळांचा हंगाम.

राहतं घर एवढ्यात विकू नका. शक्य असेल तर वर्षभर भाड्याने द्या. बोटही आत्ता दक्षिणेला नेऊ नका, तिथे मरीनामध्ये तासाच्या भाड्याने पाँटून मिळते. या दोन ठिकाणी प्रत्येकी निदान सहा आठवडे भाड्याने राहा, आणि ते जुलैत नव्हे. एकदा जानेवारी-फेब्रुवारीत जा, पाणी खाली आणि घरं बंद असताना. एकदा ऑगस्टमध्ये जा, सगळ्यात वाईट उन्हात. काठावरच्या लोकांशी बोला, विशेषतः ज्यांच्या दारात विक्रीची पाटी आहे त्यांच्याशी. का विकता, हा प्रश्न विचारला की लोक आश्चर्य वाटेल इतकं खरं सांगतात. मागच्या वीस वर्षांच्या पाणीपातळीचा तक्ता धरणाच्या मालकाकडे मिळतो. तो छापून घ्या आणि सगळ्यात खालच्या पातळीचं वर्ष दाखवून विचारा, त्या वर्षी या डॉकखाली किती पाणी होतं?

आणि त्या सहा आठवड्यांत एक वही ठेवा. प्रत्येक दिवशी बोट बाहेर काढली का, आणि पत्नी बरोबर होत्या का, एवढंच लिहा. त्या नसतील त्या दिवशी त्यांनी काय केलं, हे त्यांना त्यांच्या अक्षरात लिहू द्या. वही भरली की मला पुन्हा पत्र पाठवा, या वेळी दोघांच्या सहीचं.